चैत्रातील परसबाग

विलायती बागकामाच्या पुस्तकांत वसंत म्हणजे पेरणीचा काळ. आमच्या बेळगाव-निपाणीकडे मात्र तो राखणीचा काळ होय. चैत्र-वैशाखाच्या उन्हातून झाड जगवणे आणि मृगासाठी जमीन सिद्ध करणे, ही येथील वसंताची दोन कामे.

हे ज्ञान जुने आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय रचला. लावलेल्या झाडास उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच पाणी द्यावे, असा त्याचा दंडक आहे. दोन झाडांत २० हातांचे अंतर उत्तम, १६ हातांचे मध्यम आणि १२ हातांचे कनिष्ठ, असेही तो सांगतो.

दंडक एक असला, तरी माती दोन प्रकारची आहे. बेळगावची तांबडी माती पाणी लवकर सोडते. तेथे आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर घालावा. निपाणीकडील काळी माती उन्हाने भेगाळते व त्या भेगांतून ओल उडून जाते. तेथे खुरप्याने भेगा मोडाव्यात. झाडांसाठी खड्डे वैशाखातच खणून तापू द्यावेत. मिरची-वांग्याचे बीही त्याच महिन्यात वाफ्यात टाकावे, म्हणजे पावसाच्या आरंभी रोपे हाताशी येतात.

परसातील फुलांचा इतिहास याहून मनोरंजक आहे. चैत्रात देवास दवणा वाहण्याचा विधी धर्मग्रंथांत आहे, आणि चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या यात्रेत तोच दवणा वाहिला जातो. मोगराही येथला जुना रहिवासी. परंतु झेंडू, निशिगंध आणि देवळापुढला पांढरा चाफा यांचे मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका! १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यानंतर त्या खंडातील अनेक वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. मिरची, पेरू, पपई, काजू ही सर्व त्याच प्रवासातील मंडळी.

कायद्यात दीर्घ वहिवाटीने हक्क उत्पन्न होतो. देवाच्या दारी या फुलांनी तो केव्हाच मिळवला आहे. झेंडूच्या तोरणावाचून आज कोणाचा दसरा होतो? म्हणून फुलास आपले-परके म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या पूजेचे तबक पाहावे. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या व त्याविषयीचा वाद अद्याप न्यायालयात आहे. पण वळवाची सर दोन्ही बाजूंस सारखीच पडते.

खरी हानी वेगळीच आहे. परसात फरशी बसली की तेथे पाणी मुरत नाही, आणि देवाची फुले बाजारातून आणावी लागतात. आम्ही वाचकांस एवढेच सुचवू की, सारे परस बांधून काढण्यापूर्वी तुळशीभोवतीची चार हात माती तरी मोकळी ठेवावी. चैत्रात तिला सकाळ-संध्याकाळ घातलेले तांब्याभर पाणी हे दीड हजार वर्षांच्या परंपरेचे पालन होय.