गिरगावची कूड: परमुलखातलं पहिलं बिऱ्हाड

मंडळी, आज आपण फणसवाडीत बसलो आहोत. इथून चालत निघालं, तर वीसेक मिनिटांत धोबीतलावचा जेर महाल लागतो. त्या जुन्या इमारतीत गोव्यातल्या गावांच्या नावाचे क्लब आहेत. कोंकणीत त्यांना 'कूड' म्हणतात. कूड म्हणजे खोली.

एक गोष्ट आपण हमखास विसरतो. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेव्हा मुंबईत उतरणारा गोवेकर हा दुसऱ्या राज्यातून आलेला माणूस. मागे पोर्तुगीज अंमल, इथे साहेबाचा कारभार आणि बाजारात मराठी, गुजराती, हिंदुस्तानी. बोटीवर खलाशी, बंगल्यात आचारी, बँडमध्ये वाजवणारा अशी कामं मिळत. पण मिळेपर्यंत राहायचं कुठं?

उत्तर सरकारनं दिलं नाही, गावानं दिलं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून खोली घ्यायची. प्रत्येकाला पेटीपुरती जागा, रात्री चटईपुरती जमीन. माणूस बोटीवर गेला तरी पेटी कुडीत सुरक्षित. संध्याकाळी वेदीपुढं सगळ्यांनी मिळून प्रार्थना, वर्षातून एकदा गावच्या संताचं फेस्त. आणि कुठल्या कचेरीत जायचं, साहेबाशी कसं बोलायचं, हे आधी आलेल्यानं नव्याला सांगायचं.

म्हणजे बघा, शहराच्या रीती शिकायला गावच्या रीती टाकाव्या लागल्या नाहीत. उलट परमुलखात नवं काही जन्मलं. कोंकणीतलं पहिलं तियात्र 'इटालियन भुरगो' १८९२ साली रंगलं, ते गोव्यात नव्हे, मुंबईत! लुकाझिन रिबेरो यांनी ते बसवलं होतं. पुढे १९१९ मध्ये गोमंतकीय हिंदूंनी इथंच दि गोवा हिंदु असोसिएशन काढली.

पण आम्ही फक्त कौतुक करणार नाही. कूड गावाची होती, म्हणून परगावच्याला दार बंद. काही कुडी जातीवारही वेगळ्या होत्या. बहुतेक पुरुषांच्याच, आया म्हणून एकटी आलेली बाई तिथे कुठं जाणार? आपुलकीच्या भिंती आतल्याला ऊब देतात, बाहेरच्याला अडवतात.

आजही गावाकडून पिशवी घेऊन कुणीतरी मुंबईत उतरतोच. त्याला पहिली वाट दाखवणारं आपल्या वाडीत कोण आहे, आणि तो आपल्या गावचा नसला तर? घरी जाताना आपण सगळ्यांनीच याचा विचार करू या.