पाटणादेवी ते पितळखोरे : एका घाटवाटेचे दाते

१/ चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग तटबंदीसारखी आडवी उभी आहे. तिच्या पायथ्याशी पाटणादेवीचे मंदिर आणि वर कड्याच्या पोटात पितळखोऱ्याची लेणी. उन्हाळ्यात खानदेशचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, ओढे आटतात आणि डोंगर उघडाबोडका होतो. अशा रुक्ष मुलखात लेणी, मंदिरे आणि चक्क गणिताचा मठ का उभा राहिला? त्याचा खर्च कोणी सोसला? या धाग्याचा विषय हाच. 🧵

२/ आधी नकाशा पाहा. कड्याच्या उत्तरेचे पाणी डोंगरी नदीतून गिरणेला आणि पुढे तापीला मिळते. दक्षिणेकडील पठाराचे पाणी शिवना नदीतून गोदावरीला जाते. म्हणजे ही रांग दोन खोऱ्यांमधली भिंत आहे. एका बाजूला गोदाकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. दुसऱ्या बाजूला तापी, नर्मदा, महिष्मती आणि उज्जयिनी. ‘सुत्तनिपात’ या प्राचीन पाली ग्रंथात प्रतिष्ठानहून उत्तरेकडे जाणाऱ्यांच्या प्रवासात महिष्मती आणि उज्जयिनी ही नावे क्रमाने येतात. भिंत ओलांडायची तर खिंड हवी, आणि खिंडीपाशी वर्दळ असते.

३/ या वाटेवरचा सर्वांत जुना पुरावा मात्र व्यापाराच्याही फार पूर्वीचा आहे. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पाटणे येथे उत्खनन केले. तेथे उत्तर पुराश्मयुगीन दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. काही कवचांचे मणी केलेले होते आणि एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेषांची नक्षी कोरलेली होती. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा.

४/ भारतात शहामृग? होय. कवचांतील जनुकीय अंशाच्या अभ्यासानेही पुढे त्याला दुजोरा मिळाला. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या गवताळ प्रदेशाचा पक्षी. म्हणजे खानदेशात कोरडे, मोकळे माळ त्या काळीही होते. तरीही येथे राहणाऱ्या माणसाला केवळ पोट भरून समाधान नव्हते. अंड्याचे कवच घासून, भोक पाडून गळ्यात घालावेसे त्याला वाटले.

५/ तेथून एकदम इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात येऊ. याच सुमारास पितळखोऱ्याची बौद्ध लेणी खोदण्यास आरंभ झाला. चौथ्या क्रमांकाच्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी शस्त्रधारी द्वारपाल आहेत, आणि शेजारी पाच फण्यांचा नाग. कातळातून खोदलेल्या पन्हळीचे पाणी या नागाच्या फण्यांतून बाहेर पडावे अशी योजना होती. पाण्याची ही कदर कोरड्या मुलखातील कारागिरालाच सुचावी.

६/ पैसा कोणाचा? उत्तर भिंतींवरच आहे. एक दान प्रतिष्ठानच्या मितदेव नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे. काही दाने मगिल नावाच्या राजवैद्याची. हे लोक गोदाकाठच्या राजधानीशी संबंधित होते, पण त्यांचे दान खिंडीपाशी आले. कारण त्यांच्या जगाची ये-जा याच वाटेने होती. पावसाळ्यात वाटा बंद पडत तेव्हा भिक्षूंना निवारा हवा असे, आणि घाट चढून दमलेल्या तांड्यांना पाणी.

७/ १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली येथील दगडमातीचा ढिगारा उपसला गेला. त्या सुमारास हाती आलेल्या शिल्पांत डोक्यावर भांडे धरलेला, हसऱ्या चेहऱ्याचा यक्ष आहे. त्याच्या हातावर घडविणाऱ्याचे नाव कोरले आहे : कान्हदास, हिरण्यकार. म्हणजे सोनार! दागिन्यांची नजर असलेल्या माणसाने दगड हाती घेतला आणि सही करून ठेवली. हा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

८/ बाराव्या शतकात पायथ्याचे पाटण निकुंभ घराण्याच्या सत्तेखाली होते. इंद्रराज या राजाने शिवमंदिराचे काम सुरू केले. त्याच्या मृत्यूनंतर राणी श्रीदेवीने राज्यही सांभाळले आणि मंदिरही पुरे केले. शके १०७५ (इ.स. ११५३) चा शिलालेख त्याची साक्ष देतो. पुढे हे निकुंभ देवगिरीच्या यादवांचे मांडलिक म्हणून दिसतात.

९/ आणि मग तो प्रसिद्ध शिलालेख, शके ११२८ चा. भवानीच्या मंदिरातील हा लेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांसमोर आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ स्थापन केला, असे त्यात म्हटले आहे. निकुंभ राजा सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी या मठाला उत्पन्न लावून दिले.

१०/ लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण उत्पन्नाचा तपशील येताच भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला. प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. ग्राहकाकडून सुपाऱ्या. धान्याचे माप मठाच्याच मापाने घालावे, आणि त्या मापणीच्या मोबदल्यातील अर्धा वाटा मठाचा. वंशस्तुती देवभाषेत, हिशेब लोकभाषेत; कारण ज्यांनी द्यायचे त्यांना तो समजायला हवा होता.

११/ येथे सावधपणा हवा. ‘भास्कराचार्यांचे जन्मगाव पाटण’ असे ठामपणे सांगितले जाते. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्यपर्वताजवळचे विज्जडवीड असल्याचे सांगतात, आणि ते नेमके कोणते यावर अभ्यासकांत एकमत नाही. पाटणचा लेख मात्र एवढे निश्चित सांगतो की, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपालाने ‘या नगरातून’ नेले आणि पंडितांत अग्रस्थान दिले. तीन पिढ्यांच्या विद्येचा या गावाशी संबंध होता, हेच मुळात केवढे मोठे आहे! जन्मस्थळाचा फलक त्यात काही भर घालत नाही.

१२/ आता दोन्ही पुरावे शेजारी ठेवा. पितळखोऱ्यात गांधिक, वैद्य आणि सोनार यांची नावे सापडतात, कारण त्यांनी स्वेच्छेने दिले आणि स्वतःचे नाव कोरून घेतले. पाटणला राजांची आणि पंडितांची नावे आहेत. पळीभर तेल देणाऱ्या तेल्याचे नाव कुठेही नाही. त्याला विचारलेही नसेल. तरीही ग्रहगणिताचा तो वर्ग ज्या दिव्याच्या उजेडात भरत असेल, त्यातले तेल त्याच्या घाण्याचे होते.

१३/ एकोणिसाव्या शतकात अभ्यासक आले तेव्हा पाटण ओस पडले होते. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला, पण डोंगरवाटा भिल्लांना ठाऊक होत्या. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली. कन्नडचा घाट आजही त्याच्या नावाने ‘औट्रम घाट’ म्हणून ओळखला जातो. धुळे-सोलापूर महामार्गाची वाहतूक त्या घाटाने गेली. दरीतली पायवाट मागे राहिली, आणि तिच्याबरोबर ‘येथे हे का बांधले?’ याचे उत्तरही.

१४/ हा परिसर १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंतचा काळ चालण्यास उत्तम. वन विभागाची परवानगी, वाटाड्या आणि पुरेसे पाणी सोबत असावे. पितळखोऱ्याचा कातळ ठिसूळ आहे. बराच दर्शनी भाग पूर्वीच कोसळला आहे. भिंतीवर हात टेकू नये, मग नाव कोरणे तर दूरच.

१५/ मोटारीने येणाऱ्याला येथे एक मंदिर आणि काही लेणी दिसतात, सुटी सुटी. पायी चढणाऱ्याला घाम येतो, तहान लागते, आणि कड्याखाली सावली व पाण्याचे टाके दिसताच मितदेवाने येथे दान का दिले हे कोणी न सांगता कळते. वाट शिल्लक राहिली, तर हा पुरावाही शिल्लक राहील.