देवी आल्या, देवी काढल्या: आजीच्या हातावरची खूण

नेहमीसारखाच हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना प्रवासात रेंज मिळत नाही, त्यांच्यासाठी खास.

आज सुरुवातीलाच एक काम सांगतो. घरी आजी असेल तर तिचा हात बघा. गावाकडे असेल तर व्हिडिओ कॉल लावा. दंडावर, नाहीतर मनगटाच्या थोडं वर, एक गोल चट्टा दिसेल, रुपयाएवढा. काहींना दोन असतात. आता स्वतःचा डावा दंड बघा. तुमच्याकडे असलाच तर छोटासा खळगा असेल. तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा. आजीचा मोठा चट्टा मात्र तुमच्याकडे नाही, तुमच्या आईकडेही बहुतेक नसेल. साधारण १९८० नंतर जन्मलेल्या कुणाकडेच तो नसतो.

माझी आजी किनवटकडची. लहानपणी मी तिला विचारलं होतं, हे काय गं? ती म्हणाली, "देवी काढल्यात." मला वाटलं, गोंदणासारखं देवीचं चित्र काढलं असणार आणि पुसलं गेलं असणार. कितीतरी वर्षं मी त्या चट्ट्यात डोळे, नाक शोधत होतो!

हसू नका. आमच्याकडे देवी म्हणजे आधी माहूरची रेणुका. साडेतीन शक्तिपीठांतलं एक पूर्ण पीठ. माहूरचं जुनं नाव मातापूर, आणि तिथला डोंगरन् डोंगर आई-लेकराच्या गोष्टीनं भरलेला आहे. रेणुकेच्या गडावर परशुराम आणि त्याची आई. मातृतीर्थावर त्यानं आईचे अंत्यविधी केले म्हणतात. पलीकडच्या शिखरावर अनसूया. तिची परीक्षा घ्यायला ब्रह्मा, विष्णू, महेश आले, तर तिनं तिघांना तान्ही बाळं करून टाकलं आणि दूध पाजलं. त्रैलोक्य चालवणारे देव पाळण्यात! त्यामुळे नवं लेकरू झालं की त्याला घेऊन गडावर जायचं, पायावर घालायचं, ओटी भरायची, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि त्याच भाषेत, त्याच घरात, 'देवी' हे एका रोगाचंही नाव होतं. लस न घेतलेल्या शंभर माणसांना हा रोग झाला, तर साधारण तीस मरायची. लहान लेकरं जास्त. गरोदर बाईला झाला तर तिचं वाचणं फार अवघड. जे वाचले त्यांच्या तोंडावर कायमचे वण, आणि कितीतरी जणांचे डोळे गेले.

लोक म्हणायचे, "देवी आल्या." आदरार्थी बहुवचन. रोग आला म्हणत नव्हते, पाहुणी आली म्हणत होते. मग घराचं वागणं बदलायचं. दाराला कडुलिंबाचा डहाळा. फोडणी बंद. मटण बंद. मोठ्यानं बोलायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. लेकराला लिंबाच्या पाल्यावर निजवायचं, थंड ठेवायचं. श्रावणात शीतळासप्तमी यायची, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार खायचं. आमच्याकडच्या बंजारा तांड्यांवर आजही सीतळा भवानीचा सण होतो.

याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं व्हायचा मला कंटाळा आहे. दाराला डहाळा म्हणजे 'आत येऊ नका' अशी पाटीच. ज्या रोगावर औषधच नव्हतं, त्यात आजाऱ्याला वेगळं ठेवणं आणि शांतपणे सांभाळणं, याहून जास्त कुणी काय करणार होतं? युरोपातल्या डॉक्टरांकडेही रोग झाल्यावरचं औषध नव्हतं. घोटाळा दुसरीकडे होता. देवी म्हटल्यावर तिला अडवायचं कसं? अंग उतरलं की लेकराला घेऊन देवळात जायचं, आणि खपल्या पूर्ण पडल्या नसतील तर रोगही सोबत जायचा.

आता लसीकडे येऊ. इंग्लंडात १७९६ साली एडवर्ड जेन्नरनं गायीच्या देवीचा, म्हणजे गोस्तन देवीचा, रस एका आठ वर्षांच्या पोराला टोचला आणि त्याला माणसांच्या देवी होत नाहीत हे दाखवलं. पण तो रस भारतात आणायचा कसा? फ्रिज नाही, बर्फ नाही, जहाजाला कित्येक महिने. वाटेतच रस मरायचा.

मग उपाय काय, तर लेकरं. एकाच्या हाताला टोचायचं, आठवड्यानं तिथं पाणी भरलेला फोड येतो, त्या फोडातला रस घेऊन पुढच्याच्या हाताला. मग त्याच्याकडून पुढच्याला. अशी माणसांची साखळी करत, बगदाद आणि बसऱ्यावरून ही लस मुंबईला पोचली. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतात देवीची लस लागलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या हातावरच्या फोडातून पुढची लेकरं टोचली, आणि तीच साखळी मुंबईहून मद्रास, पुणे, सुरत आणि हैदराबादला गेली.

हैदराबादला! म्हणजे निजामाच्या राजधानीत, ज्या राज्यात तेव्हा आपलं माहूर होतं. किनवट-माहूरचा भाग तर पुढे १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, तेव्हा आमच्याकडची जुनी माणसं कचेरीच्या कामाला तिकडेच जायची. एका तीन वर्षांच्या पोरीच्या दंडावरून निघालेली वस्तू, हातोहात, लेकराकडून लेकराकडे. नावं फक्त पहिल्या पोरीचं राहिलं. मधल्या सगळ्या लेकरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, पण लस टिकली ती त्यांच्या अंगात.

आता यातली दुसरी बाजू. आईबापाच्या जागी उभे राहून बघा. परका माणूस येतो, तुमच्या बाळाच्या हाताला जखम करतो. आठव्या दिवशी परत येतो, आणि ती फुगलेली जखम फोडून रस काढतो, दुसऱ्याच्या बाळासाठी. बाळाला ताप असतो, ते किंचाळत असतं. शिवाय हा रस कुणाच्या अंगातून आला, कुठल्या जातीच्या, कुठल्या आजाराच्या, हे माहीत नाही. जातीचा प्रश्न मी सोडून देतो, पण आजाराची भीती खरीच होती. हातोहात टोचण्यातून दुसरे रोग जाऊ शकत होते. आठव्या दिवशी आया पोराला घेऊन दडून बसायच्या ते उगाच नाही.

सरकारनं यावर काय केलं, तर कायदा. १८७७ मध्ये मुंबईसाठी आणि १८८० मध्ये देशासाठी लसीकरणाचा कायदा आला. खरा फरक मात्र कायद्यानं नाही, वासरांनी पडला. लस माणसाच्या हातावर वाढवायची सोडून वासराच्या कातडीवर वाढवायला लागले. मुंबई इलाख्यासाठी हे काम बेळगावात चालायचं. बेळगावचे श्रोते आत्ता हसत असतील, कारण टिळकवाडीतल्या 'व्हॅक्सिन डेपो'वर ते सकाळी फिरायला जातात. मैदानाचं नाव तिथूनच आलं. वासरं आल्यावर आठव्या दिवसाचं भांडण मिटलं.

आणि भाषेनं एक गंमत केली. लोकांनी लसीलाही 'देवी'च म्हटलं! रोग म्हणजे 'देवी येणं', लस म्हणजे 'देवी काढणं' किंवा 'देवी टोचणं'. गावात टोचणारा आला की "देवीचा डॉक्टर आला". मला वाटतं, इथं आपल्या आज्या-पणज्यांनी एक शहाणपणाची तडजोड केली. देवीला नाकारलं नाही, सुईलाही नाकारलं नाही. हात पुढे केला आणि गडावरही गेल्या.

हात पुढे करणं सोपं नव्हतं बरं का. आजीचा चट्टा एवढा मोठा का? तर त्या काळी टोचायला एक फिरकीसारखं हत्यार असायचं, टोकाला दाते. ते कातडीवर टेकवून फिरवायचे. पुढे १९७० च्या आसपास दोन टोकांची बारीक सुई आली, तेव्हा हे हाल थांबले.

१९६२ मध्ये भारतानं देवी निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू केला. आधी वाटलं, सगळ्यांना टोचलं की संपलं. पण जो टोचायचा राहतो, तो नेहमी तोच असतो: रस्त्यापासून लांबचा, कामासाठी फिरणारा, तान्हं लेकरू. म्हणून १९७३ पासून पद्धत बदलली. घरोघर जाऊन, देवी आलेल्या बाळाचं चित्र दाखवून, "असं कुणी आहे का?" म्हणून विचारायचं. दाखवेल त्याला बक्षीस. रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचायचं. १९७४ मध्ये एकट्या भारतात पावणेदोन लाखांहून जास्त रोगी नोंदले गेले होते. पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, आसामातल्या करीमगंजला शेवटचा सापडला.

मग ऑक्टोबर १९७५, बांगलादेशातलं भोला बेट. देवीचा जो जास्त मारणारा प्रकार, त्याचा जगातला शेवटचा नैसर्गिक रोगी तिथं सापडला. रहीमा बानू, साधारण तीन वर्षांची मुलगी. मुंबईची ॲनाही तीनच वर्षांची होती. आणि रहीमाची बातमी दिली कुणी? बिलकिसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं. तिला २५० टका बक्षीस मिळालं. रहीमा वाचली. ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं की देवी जगातून गेल्या.

थोडं विषयांतर. आपल्याकडे बाळाची पाचवी पूजतात, सटवाईची. त्या रात्री ती कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. मला नेहमी शंका येते की या रात्रीच्या भीतीमागे एक खरा रोग असावा. नाळ विळ्यानं कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, आणि आठवडाभरात बाळ दूध ओढेना, अंग ताठ. तो धनुर्वात. यावरचा उपाय बाळाला नाही, आईला द्यायचा होता: पोटुशी असताना धनुर्वाताची सुई, आणि नाळ कापायला स्वच्छ ब्लेड. त्यानं आई आणि बाळ दोघंही सुरक्षित. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं मान्य झालं. पाचवी अजून पूजतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

देवी गेल्या, पण गोवर राहिला. आणि गोवराबद्दल आमच्याकडे अजून तेच बोलणं ऐकू येतं: "सगळ्या पोरांना येतोच, अंगावर फुटला की बरं होतं." तो एका रोग्याकडून बारा ते अठरा जणांना जाऊ शकतो. निमोनिया, जुलाब, कधी आंधळेपण, आणि शरीरानं आधी शिकलेली प्रतिकारशक्तीसुद्धा तो पुसून टाकतो. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात साथ आली, लेकरं गेली. बहुतेकांना लस नव्हती किंवा एकच डोस झाला होता. कोरोनाच्या काळात बरीच बाळं राहून गेली होती.

सरकारी केंद्रात ही लस फुकट आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. त्याआधी बाळाला आईकडून मिळालेलं थोडं संरक्षण असतं, बाकी भिस्त आजूबाजूच्या मोठ्या पोरांनी लस घेतलीय का यावर. मग का राहतात? मी ज्या आयांशी बोललो, त्यातल्या एकीनंही देवीचं कारण दिलं नाही. "सुई दिली की पोराला रात्रभर ताप येतो, दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जाता येत नाही, रोज बुडतो." दुसरी म्हणाली, "कामाला दुसऱ्या गावी गेलो होतो, कार्ड घरी राहिलं." म्हणजे आठव्या दिवशी दडून बसणाऱ्या बाईचं आणि हिचं कारण फार वेगळं नाही. तापाचं आधी नीट सांगितलं, औषध हातात दिलं, तर यातल्या निम्म्या तरी परत येतील असं मला वाटतं. कार्ड राहिलं असेल तर तसंच जा, नर्सबाई किंवा आशाताई नोंद शोधतात. डोस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

गेल्या महिन्यात माहूरच्या एसटीत शेजारी एक जोडपं होतं, मांडीवर पोरगी, डोळ्यांत काजळ, गडावर निघालेले. उतरताना प्रसादाचा कुटलेला तांबूल मिळेल म्हणून आजीबाई खूश होत्या. (तान्ह्या बाळाच्या तोंडात मात्र तो घालू नका, चुना असतो.) मी विचारलं, किती महिन्यांची? बाप म्हणाला, "नऊ व्हायला सोळा दिवस कमी." महिने विचारले होते, त्यानं दिवस सांगितले. मग आईनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून दाखवलं, ओटीच्या नारळाखाली ठेवलेलं.

तुमच्या आजीच्या देवी कुठं काढल्या होत्या, शाळेत की ओट्यावर, आणि ती रडली होती का, हे विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो.