आवाज तीन आठवड्यांपासून बसलेलाच आहे? मग घसा दाखवायलाच हवा, आणि कारण असं आहे

सर्दी झाली, घसा बसला, हळद-दूध घेतलं, गुळण्या केल्या, चार दिवसांत आवाज मोकळा झाला. हा अनुभव जवळपास प्रत्येकाचा आहे. म्हणूनच आवाज महिनाभर बसलेला राहिला तरी अनेक जण तो अंगावर काढतात. "होईल बरा आपोआप" असं म्हणत थांबण्यात जो वेळ जातो, तो काही रुग्णांना महागात पडतो. कारण स्वरयंत्राच्या कर्करोगात घोगरा आवाज हे बऱ्याचदा सगळ्यात पहिलं लक्षण असतं.

आवाज आणि कर्करोग यांचा संबंध नेमका काय, नवं संशोधन काय सांगतं आणि डॉक्टरकडे कधी जायचं, समजून घेऊया.

आवाज बसतो म्हणजे काय होतं?

घशाच्या पुढच्या बाजूला स्वरयंत्र असतं. त्यात दोन स्वरतंतू असतात. आपण बोलतो तेव्हा फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते थरथरतात. पुरुषांमध्ये हे सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा होतं, तर स्त्रियांमध्ये २०० च्या आसपास. दोन्ही तंतूंच्या कडा मऊ आणि सरळ असतील, तर आवाज स्वच्छ येतो. कडेला थोडी जरी सूज किंवा गाठ आली, तरी तंतू नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो.

बहुतेक वेळा कारण साधंच असतं: सर्दी, जास्त बोलणं-ओरडणं, ॲसिडिटी. शिक्षक, गायक, फेरीवाले यांच्या स्वरतंतूंवर सततच्या ताणाने छोट्या गाठी येतात. त्या कर्करोगाच्या नसतात. कधी एका बाजूचा तंतू लुळा पडतो. 'स्पास्मोडिक डिस्फोनिया' या विकारात मेंदूकडून येणारे संदेश बिघडतात आणि बोलताना आवाज अडकतो, तुटतो.

थायरॉइडच्या किंवा छातीतल्या आजारानेही आवाज बदलू शकतो. स्वरयंत्राची डावी नस थेट घशात येत नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि मग वर येते. त्यामुळे फुप्फुसातल्या गाठीने ही नस दाबली गेली, तरी पहिली तक्रार "आवाज बसलाय" अशी असू शकते.

कर्करोग इतक्या लवकर आवाजात कसा कळतो?

पोटात किंवा फुप्फुसात गाठ बरीच वाढेपर्यंत पत्ता लागत नाही. स्वरतंतूवर मात्र अगदी छोटी गाठही आवाज बिघडवते. शिवाय स्वरतंतूंमध्ये लसीकावाहिन्या फार कमी असतात. त्यामुळे तिथला कर्करोग मानेतल्या गाठींपर्यंत सहसा उशिरा पोहोचतो. म्हणजे इशारा लवकर मिळतो आणि हातात वेळही असतो. पहिल्या टप्प्यातला स्वरतंतूचा कर्करोग रेडिएशन किंवा लेसर शस्त्रक्रियेने साधारण दहापैकी नऊ रुग्णांमध्ये आटोक्यात येतो, आणि स्वरयंत्र शाबूत राहतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा: स्वरतंतूंच्या वरच्या भागात कर्करोग असेल, तर आवाज बराच काळ ठीक राहू शकतो. तिथे गिळताना त्रास, कानात दुखणं किंवा मानेत गाठ ही लक्षणं आधी दिसतात.

एआय आवाज ऐकून कर्करोग ओळखेल?

या दिशेने काम सुरू आहे. अमेरिकेत 'ब्रिज टू एआय – व्हॉइस' हा प्रकल्प वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांचे आवाज गोळा करतो. २०२५ मध्ये ओरेगॉनमधल्या संशोधकांनी त्यातल्या ३०६ जणांच्या १२,५२३ ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आवाजातला सुरेल भाग आणि त्यात मिसळलेली खरखर यांचं प्रमाण त्यांनी मोजलं. निरोगी पुरुष, साध्या गाठी असलेले पुरुष आणि स्वरयंत्राचा कर्करोग असलेले पुरुष यांच्यात या प्रमाणात फरक दिसला.

पण स्त्रियांमध्ये असा स्पष्ट फरक सापडला नाही. कर्करोगाच्या रुग्णांची ध्वनिमुद्रणंही त्यात थोडीच होती आणि सगळे आवाज उत्तर अमेरिकेतले होते. त्यामुळे आज एखाद्या ॲपने "सगळं ठीक आहे" असं सांगितलं, तर त्यावर विसंबू नका. पुढे कधी याचा उपयोग 'कोणाला आधी तपासायचं' हे ठरवायला होऊ शकेल. निदान मात्र दुर्बिणीने घसा पाहून आणि गाठीचा तुकडा तपासूनच होतं.

उशीर झाला तर आवाज जातो का?

पूर्वी वाढलेल्या कर्करोगात संपूर्ण स्वरयंत्र काढणं हाच मुख्य उपाय होता. १९९१ मध्ये अमेरिकेत ३३२ रुग्णांवरच्या चाचणीने हे चित्र बदललं. आधी केमोथेरपी आणि मग रेडिएशन दिलेल्या गटात ६४ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र वाचलं, आणि दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ६८ टक्के होतं. २००३ च्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत केमो आणि रेडिएशन एकाच वेळी दिल्यावर दोन वर्षांनी ८८ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र टिकलं होतं.

तरीही काहींचं स्वरयंत्र काढावंच लागतं. मग श्वास मानेतल्या छिद्रातून घ्यावा लागतो आणि हवा तोंडापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवता येते. छिद्रावर बोट ठेवून श्वास सोडला की हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथल्या भिंती थरथरतात आणि माणूस पुन्हा बोलतो. झडप एकाच दिशेने उघडते, त्यामुळे अन्न-पाणी श्वासनलिकेत जात नाही. परदेशी झडपेला हजारो रुपये लागतात आणि ती पुन्हा पुन्हा बदलावी लागते. म्हणूनच बंगळुरूचे कर्करोग शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांचं 'ओम' हे उपकरण तयार केलं.

उपचारांत नवं काय आहे?

शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी इम्युनोथेरपी डोकं-मानेच्या कर्करोगात महत्त्वाची ठरते आहे. २०२५ मध्ये ७१४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांसोबत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध दिल्यावर तीन वर्षांनी ५७.६ टक्के रुग्णांमध्ये आजार वाढला किंवा उलटला नव्हता. फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ४६.४ टक्के होतं.

अडचण खर्चाची आहे. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने वेगळा प्रयोग केला. आजार खूप वाढलेल्या रुग्णांना स्वस्त गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी दिलं. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

महाराष्ट्राने हे का वाचावं?

स्वरयंत्राच्या कर्करोगाचं मुख्य कारण धूम्रपान आहे. जोडीला दारू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीने तोंडाचा कर्करोग होतो, आणि भारतीय पुरुषांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करत होते. शरद पवार यांनी तोंडाच्या कर्करोगाशी दिलेली झुंज जाहीरपणे सांगितली आहे. आर. आर. पाटील यांचं २०१५ मध्ये याच आजाराने निधन झालं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

• आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला असेल. ब्रिटनची आरोग्यसेवा हीच मुदत सांगते. अमेरिकेत चार आठवड्यांनी स्वरयंत्र तपासावं असं सांगतात.
• तंबाखू, सिगारेट किंवा बिडीची सवय असेल, मानेत गाठ असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, तर तीन आठवडेही थांबू नका.

कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहतात. तपासणी काही मिनिटांची असते आणि भूल देऊन झोपवावं लागत नाही. घसा न पाहता नुसत्या अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, असं अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गोळ्यांचा दुसरा कोर्स सुरू करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: "दुर्बिणीने एकदा बघायचं का?"