बंद पडलेले कार्ड आणि पवईचा 'अजित'

जबल अली बंदर १९७९ साली सुरू झाले आणि १९८५ साली त्याच्या शेजारी मुक्त व्यापार क्षेत्र उभे राहिले. त्याच भागातल्या एका गोदामात मी गेली अनेक वर्षे यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. हुद्दा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरचा, काम मात्र साधे. नियंत्रण पेटीतले बिघडलेले कार्ड काढायचे, नवे बसवायचे, हिरवा दिवा लागला की कागदावर सही करायची.

एकदा आमच्या एका जुन्या क्रेनचे कार्ड गेले. बनवणाऱ्या कंपनीला कळवले, तर उत्तर आले की हा नमुना बंद झाला आहे आणि त्यावरची मुख्य चिपही आता मिळत नाही. पोलादी सांगाडा, मोटर, तारदोर सगळे धडधाकट. पण नखाएवढ्या चिपपायी ती क्रेन भंगारात निघाली. त्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला होता. त्याने सरळ विचारले, "मामा, तू इंजिनियर ना? मग ती चिप तूच का नाही बनवलीस?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर शोधता शोधता चिपच्या आराखड्यांचा जो इतिहास वाचनात आला, तो आज आपल्यापुढे मांडतो आहे.

१९७१ साली इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर आला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्या काळी आराखडा मोठ्या आकारात काढून लाल रंगाच्या फिल्मवर अक्षरशः चाकूने कापत आणि मग छायाचित्रणाने तो लहान करत. ठिपक्यांची रांगोळी काढावी तसे हे काम. एक ठिपका चुकला की सगळी नक्षी बिघडली! दोन हजार ठिपक्यांपर्यंत हे जमते. लाखांवर गेले की माणसाचा हात आणि डोळा दोन्ही थकतात. १९८० साली कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांच्या पाठ्यपुस्तकाने एक मोठी वाट मोकळी केली. आराखडा करणारा वेगळा आणि कारखाना वेगळा असू शकतो, दोघांनी ठरावीक नियम पाळले म्हणजे झाले, हा विचार त्यामुळे जगभरच्या विद्यापीठांत रुजला.

पुढची पायरी वाचताना मला माझी क्रेन आठवली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यालाही नेमके हेच दुखणे होते. विमाने आणि रडार तीस-तीस वर्षे चालायची, आतल्या चिपा मात्र काही वर्षांतच बाजारातून नाहीशा व्हायच्या. तेव्हा चिप पुरवताना तिचे वर्तनही नेमक्या भाषेत लिहून द्या, असा आग्रह सुरू झाला. त्यातून 'व्हीएचडीएल' ही भाषा घडली आणि १९८७ साली तिचे प्रमाणीकरण झाले. चिप मेली तरी वर्णन उरते आणि त्यावरून दुसरी घडवता येते! त्याच दशकात प्रभू गोयल यांच्या गेटवे कंपनीत फिल मूर्बी यांनी 'व्हेरिलॉग' भाषा घडवली. मग असे लिखित वर्णन वाचून त्याची जोडणी आपोआप करणारी साधने आली.

तरीही या भाषांत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला काय घडावे हे माणसालाच सांगावे लागे. त्याच्याही वरची पायरी म्हणजे नुसते काय करायचे ते सांगणे. हे समजायला लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. दोनशे पाने, दहा पदार्थ. वाढपी किती घ्यायचे, वरण कुणी वाढायचे, भातामागून तूप कधी निघायचे? वाढपी वाढवले तर पंगत लवकर उठते, पण जागा आणि पैसा जास्त लागतो. कमी घेतले तर खर्च वाचतो, पण पाहुणे ताटकळतात. चिपमध्ये बेरीज-गुणाकार करणारे भाग हे वाढपी. यजमानाने फक्त जेवणाचा बेत सांगायचा आणि वाढप्यांचा हिशोब साधनाने करायचा, ही उच्चस्तरीय आराखड्याची पद्धत. १९९४ साली सिनॉप्सिस कंपनीने असे साधन बाजारात आणले खरे, पण कसलेल्या इंजिनियरच्या हातची सर त्याला येईना आणि ते मागे पडले. विचार मात्र टिकला.

तो पवईतही रुजला. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अहिर' नावाची साधने घडवली. त्यावरचा त्यांचा निबंध २००७ सालचा. सी भाषेतला कार्यक्रम घ्यायचा, 'आ' नावाच्या मधल्या भाषेत आणायचा आणि तिथून व्हीएचडीएल काढायचे, अशी ही साखळी. याच 'आ' भाषेत त्यांनी पुढे एक पूर्ण ३२-बिटी प्रोसेसर लिहिला. तो 'अजित'! २०१९ साली मोहालीच्या सरकारी कारखान्यात, १८० नॅनोमीटरच्या जुन्या पण खात्रीच्या तंत्राने तो घडवला गेला. वेग ७० ते १२० मेगाहर्ट्झ. मोबाइलच्या मानाने हे काहीच नाही. पण वाहतुकीच्या दिव्यांना, यंत्राच्या नियंत्रण पेटीला आणि हो, क्रेनलाही पुरेसे आहे. मद्रास आयआयटीचा 'शक्ती' प्रोसेसरही अशाच वरच्या पायरीच्या 'ब्लूस्पेक' भाषेत लिहिलेला आहे. तिचे मूळ एमआयटीतले प्रा. अरविंद यांच्या संशोधनात.

मला यात चिपपेक्षा साधनांचे महत्त्व अधिक वाटते. १९८९ साली मोहालीचा कारखाना आगीत भस्मसात झाला होता आणि तो सावरायला बरीच वर्षे गेली. कारखाना जळू शकतो, कंपनी नमुना बंद करू शकते. पण वर्णन आपल्या हाती असेल आणि त्याची चिप करणारी साधनेही आपलीच असतील, तर दुसऱ्या कारखान्याचे दार ठोठावता येते. शिवाय वरच्या पायरीवरून लिहिले की मूठभर माणसेही प्रोसेसर उभा करू शकतात, हे पवईने दाखवून दिले.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मला असे उशिरा सापडले. चिप बनवायची ती मुळात कशावरून? माझ्याकडे कार्ड होते, त्याचे वर्णन नव्हते.

आता नवे यंत्र घेताना मी पुरवठादाराला एक प्रश्न जादा विचारतो, "उद्या हा नमुना बंद झाला, तर आतल्या चिपचे वर्णन आम्हाला मिळेल का?" बहुतेक जण हसून चहा मागवतात. परवा एकाने मात्र वहीत लिहून घेतले आणि म्हणाला, "विचारून सांगतो."

भाचा आता इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आहे. गेल्या महिन्यात त्याने स्वतः लिहिलेले सिग्नलच्या तीन दिव्यांचे वर्णन पाठवले. जेमतेम चाळीस ओळी. त्यात एक चूक होती. ती मी शोधून दिली आणि खूप दिवसांनी आपण इंजिनियर असल्यासारखे वाटले.