धोडपची लढाई (१७६८)
पेशवे घराण्यातील यादवीची निर्णायक लढाई. नामपूरच्या नैर्ऋत्येस, सातमाळा रांगेतील धोडप किल्ल्याच्या पायथ्याशी १० जून १७६८ रोजी माधवराव पेशव्यांनी चुलते रघुनाथराव यांचा पराभव केला. रघुनाथरावांना होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत आणि दमाजी गायकवाड यांचे पाठबळ होते. पराभवानंतर रघुनाथराव गडावर गेले. पण उभ्या कड्यांचा हा बळकट दुर्गही त्यांना वाचवू शकला नाही. बाहेरून कुमक येण्याची आशा संपली की तटाला अर्थ उरत नाही, हे येथे स्पष्ट दिसते. माधवरावांची खरी चपळाई अशी कुमक येण्याआधीच वेळ साधण्यात होती. शरण आलेल्या रघुनाथरावांना पुण्यात शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले.