स्टेलांटिस

इटालियन-अमेरिकी फियाट क्रायस्लर आणि फ्रेंच पीएसए (प्यूजो-सिट्रोएन) या दोन उद्योगसमूहांच्या विलीनीकरणातून १६ जानेवारी २०२१ रोजी अस्तित्वात आलेली बहुराष्ट्रीय मोटार-उत्पादक कंपनी. विलीनीकरण म्हणजे दोन कंपन्यांचे भांडवल व मालकी एकत्र होऊन एकच कंपनी उरणे. स्टेलांटिसची नोंदणी नेदरलँड्समध्ये असून जीप, फियाट, प्यूजो, सिट्रोएन, ओपेल आदी चौदा नाममुद्रा तिच्याकडे आल्या. तिचे घटकही विलीनीकरणांतूनच घडलेले होते: प्यूजोने १९७६ मध्ये सिट्रोएन ताब्यात घेतली, तर २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेली क्रायस्लर क्रमाक्रमाने फियाटच्या हाती येऊन २०१४ मध्ये दोहोंची एक कंपनी झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, फियाट, क्रायस्लर व प्यूजो हे तिन्ही प्रवाह मुंबई परिसरात फार आधी एकाच कंपनीच्या छपराखाली येऊन गेले होते. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी, म्हणजे आयात सुट्या भागांची बांधणी, केली. पुढे फियाटच्या परवान्यावर ‘फियाट ११००’ काढली, जिचे ‘प्रीमियर पद्मिनी’ हे रूप मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळखच ठरले. आणि १९९० च्या दशकात प्यूजोशी भागीदारी करून ‘३०९’ ही गाडी बनवली, मात्र ती भागीदारी अल्पजीवी ठरली. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील फियाट-टाटा संयुक्त प्रकल्पात २०१७ पासून ‘जीप कंपास’ तयार होऊ लागली. सिट्रोएनच्या गाड्या मात्र तमिळनाडूत बनतात.